तुम्ही विचारलंत म्हणून : पाकिटातला खिमा आणि वाटीतली उसळ

"काकू, तुम्ही मटण-मासे सोडलेत ना, मग ते प्लांट-बेस्ड मटण का नाही देत डब्यात?" डब्याची मुलं विचारतात, भाचरं विचारतात, सोसायटीच्या हळदीकुंकवालाही कुणीतरी विचारतंच. दुसऱ्या बाजूने बोलणारेही भेटतात. "असलं कारखान्यातलं काहीबाही खाण्यापेक्षा खरं मटण परवडलं," असं त्यांचं म्हणणं. दोघांनाही मी तुकड्यातुकड्यांत उत्तरं देत आले आहे. आज एकदा नीट लिहून ठेवते.

मी ठाण्यात डबे करते. माहेर मालवणकडचं, त्यामुळे रोज ताटात मासळी आणि रविवारी सागुती (मटणाचा मालवणी रस्सा), अशीच लहानाची मोठी झाले. मांसाहार सोडला त्याला आता बरीच वर्षं झाली. सोडण्याची कारणं माझी, ती मी कुणावर लादत नाही. पण या विषयावर मला ठाम मत आहे आणि ते थोडक्यात असं : हा वनस्पतींपासून केलेला पाकिटातला खिमा तुमच्या ताटात कशाच्या जागी येतो, हे आधी बघा. मटणाच्या जागी येत असेल तर खुशाल येऊ दे. उसळीच्या जागी येत असेल तर मी विरोध करीन. आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा उसळीच्याच जागी येतो, ही माझी खरी काळजी आहे.

आधी हा पदार्थ काय आहे ते बघू. सोयाबीनमधून किंवा वाटाण्यातून तेल, स्टार्च, चोथा बाजूला काढून उरलेलं प्रथिन घेतात. ते उष्णता आणि दाब देऊन यंत्रातून काढलं की त्याला मांसासारखे धागे सुटतात. मग ओशटपणासाठी खोबरेल किंवा दुसरं तेल, तुकडा धरून ठेवायला मेथिलसेल्युलोज, लाल रंगासाठी बऱ्याचदा बीट, चवीला यीस्टचा अर्क आणि मीठ. अमेरिकेत 'बियॉन्ड मीट' ही कंपनी २००९ साली निघाली, 'इम्पॉसिबल फूड्स' २०११ साली. इम्पॉसिबलचे संस्थापक पॅट्रिक ब्राऊन हे स्टॅनफर्डचे जीवरसायनशास्त्रज्ञ. मांसाला मांसाची चव येते ती त्यातल्या 'हीम' या लोहयुक्त घटकामुळे, हे धरून त्यांनी सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत सापडणारं तसलंच हीम यीस्टकडून तयार करवून घेतलं. म्हणून त्यांचा बर्गर तव्यावर लालसर पाणी सोडतो. आपल्याकडे उदयपूरची 'गुडडॉट' आहे, विराट-अनुष्काने पैसे घातलेली 'ब्लू ट्राइब' आहे, आणि रितेश-जिनिलिया देशमुखांनी २०२१ मध्ये काढलेली 'इमॅजिन मीट्स' आहे. देशमुखांचं घराणं लातूरचं, आणि लातूर म्हणजे सोयाबीनची मोठी बाजारपेठ. हा धागा मला आवडतो.

यादी वाचून नाक मुरडणाऱ्यांना माझं सांगणं आहे की मेथिलसेल्युलोज हे नाव परकं वाटलं तरी ते विष नाही. औषधांतही वापरतात. नुसतं नाव उच्चारता येत नाही म्हणून पदार्थ वाईट, हा न्याय मला पटत नाही. उलट बाजूने 'नैसर्गिक' म्हटलं की सगळं भलं, हेही खरं नाही. आपल्या विदर्भातली लाखोळी डाळ काही कुठल्या कारखान्यात बनत नाही, शेतातच पिकते. दुष्काळात लोकांनी महिनोन्‌महिने तीच खाल्ली आणि पाय लुळे पडले. १९६१ साली तिच्या विक्रीवर देशात बंदी आली. राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला तर उलट्या होतात. निसर्गाने दिलेलं खायचं कसं, हे स्वयंपाकघर शिकवतं. भिजवणं, मोड आणणं, पुरेशा शिट्ट्या देणं हीसुद्धा प्रक्रियाच आहे. पण ती आपल्या डोळ्यांसमोर होते, आणि तिच्यात दाण्यातलं जवळजवळ सगळं दाण्यातच राहतं.

आता संशोधनाचं. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाचा २०२० सालचा अभ्यास सगळ्यांच्या तोंडी असतो. ३६ माणसं घेतली. त्यांनी आठ आठवडे प्राणिज मांस खाल्लं आणि आठ आठवडे वनस्पतींपासून केलेलं मांस, बाकीचं जेवण होतं तसंच. वनस्पतींच्या पाळीत वाईट कोलेस्टेरॉल खाली आलं, वजनही किलोभर कमी भरलं. अभ्यासाला पैसे बियॉन्ड मीटने दिले होते हे सांगायला हवं, आणि संशोधकांनी ते लपवलेलं नाही. मला त्या अभ्यासात काही खोट दिसत नाही. फक्त तिथे तुलना मांसाशी होती. समोर मटकीची उसळ नव्हती.

दुसरा अभ्यास २०१९ सालचा, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतला, केविन हॉल यांचा. वीस माणसांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं. दोन्हींत वाढलेल्या कॅलरी, साखर, मीठ, चोथा यांचं मोजमाप सारखं ठेवलं होतं, आणि हवं तेवढं खा असं सांगितलं होतं. प्रक्रियावाल्या पाळीत माणसं दिवसाला सरासरी ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. मऊ, पटकन गिळता येणारं अन्न पोट भरल्याचं कळायच्या आत खाल्लं जातं, असं त्याचं एक कारण सांगतात. या अभ्यासाचा विषय काही नकली मांस नव्हतं, म्हणून तो मी त्याच्या डोक्यावर मारणार नाही. पण रोजचं जेवण पाकिटातून येऊ नये असं मला जे वाटतं, त्याला यातून आधार मिळतो.

दोन्ही मिळून चित्र स्पष्ट होतं. माझ्या डब्याचे एक गिऱ्हाईक आहेत, पन्नाशीचे. डॉक्टरांनी लाल मांस कमी करायला सांगितलं, आणि त्यांचा रविवार मटणाशिवाय सुना जात होता. त्यांना मी स्वतः सांगितलं, तो पाकिटातला खिमा आणा, मी वाटप देते. त्यांचं चांगलं चाललंय. सॉसेज, सलामी खाणाऱ्या मुलांनाही मी हेच सांगते, कारण प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्येच कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. त्या जागी हे आलं तर फायदाच. जनावर मारलं जात नाही, हा तर माझ्या मनाला सगळ्यात मोठा फायदा.

पण जी मुलगी जन्मापासून वरण-भात, आमटी, उसळ खात आली आणि आता प्रोटीन कमी पडतंय म्हणून आठवड्यात चारदा नगेट तळून खाते, तिने काय मिळवलं? मीठ वाढवलं, तेल वाढवलं, आणि महिन्याचा खर्च वाढवला. किलोचा हिशोब काढला तर ही पाकिटं मटणाच्या आसपास जातात. मिठाचं तर नीट बघाच. इम्पॉसिबलच्या ११३ ग्रॅमच्या एका पॅटीत ३७० मिलिग्रॅम सोडियम आहे, आणि माणसाला दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम. त्यात पाव, सॉस, लोणचं, पापड धरा. आपल्या बाजारातल्या पाकिटांवरही आकडा छापलेला असतो. प्रथिनाचा आकडा मोठ्या अक्षरात पुढे असतो, सोडियमचा मागे बारीक. मागची बाजू आधी वाचा.

मी तो खिमा शिजवून बघितलाय, त्यामुळे सुगरणीच्या नजरेने एक गोष्ट सांगते, जी मला कुठे लिहिलेली सापडली नाही. कांदा-खोबऱ्याचं भाजकं वाटप, आलं-लसूण, मालवणी मसाला, सगळं नेहमीसारखं. रंग आला, वास आला, घास तोंडात घेतल्यावर दाताखाली धागाही लागला. पण रस्सा अळणी वाटला. मीठ कमी नव्हतं. मटण शिजताना हाडातलं, चरबीतलं सगळं रश्श्यात उतरतं, म्हणून मटणाचा रस्सा नुसता भातावर घेऊन माणूस जेवतो. पाकिटातला खिमा रश्श्याला काही देत नाही, रश्श्यातलंच शोषून घेतो. जास्त वेळ ठेवला तर तुकडे भुसभुशीत होतात. म्हणून तो सुका करावा, शेवटी घालावा, मीठ चाखल्याशिवाय वरून टाकू नये. तेलही हात राखून, कारण त्यात मुळात असतंच.

आणि इथेच मला काळे वाटाणे आठवतात, कारण ते देतात.

आमच्याकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण असलं, श्रावण असो, सोमवार असो, घरात देवाचं काही असो, तर काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे किंवा आंबोळ्या. रात्री वाटाणे भिजत घालायचे. सकाळी मीठ आणि चिमूटभर हळद घालून कुकरला चांगल्या सहा-सात शिट्ट्या द्यायच्या. पाणी फेकायचं नाही, ते गडद तपकिरी पाणी हाच रश्श्याचा जीव. कांदा उभा चिरून थोड्या तेलात खरपूस, किसलेलं खोबरं मंद आचेवर तांबूस होईपर्यंत, लसणीच्या पाकळ्या, धणे, बडीशेप, थोडं दगडफूल. हे वाटताना त्यात मूठभर शिजलेले वाटाणे घालायचे. रश्श्याला दाटपणा येतो तो त्यानेच. मग मालवणी मसाला, एक उकळी, वरून दोन आमसुलं. हे वाटप अगदी तेच, जे कोंबडीला लागतं. मसाला तोच, भांडं तेच. ज्याला रविवारी सागुतीची आठवण येते त्याला या वाटीत नव्वद टक्के तरी ती सापडते, कारण आपण ज्याला मटणाची चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा या भाजक्या खोबऱ्याचा असतो.

महाराष्ट्रात ज्यांच्याकडे मटण शिजतं त्यांच्याकडे मटण नसलेल्या दिवसाचीही सोय आहे, आणि ती कुणी कंपनीने करून दिलेली नाही. नागपूरकडे पाटवड्या करतात. बेसन शिजवून थापायचं, वड्या पाडायच्या, आणि त्या झणझणीत सावजी रश्श्यात सोडायच्या. रश्श्याचा मसाला मटणाचाच, फोडीच्या जागी वडी. इस्लामपूर-कऱ्हाडकडच्या धाब्यांवर अख्खा मसूर मिळतो, रोटीबरोबर, आणि मटण खाणारी माणसं तो मागून मागून खातात. कोकणात नीरफणसाची कापं, सुरणाची कापं, वांग्याची कापं. हळद-तिखट-मीठ लावून रव्यात घोळवायची आणि तव्यावर खमंग भाजायची, थेट तळलेल्या सुरमईसारखी. गोव्यात पावसाळ्यात अळंबी आली की तिची शागोती होते. कोवळ्या फणसाच्या कुयरीची भाजी मसाल्यात केली की पाहुणा दोनदा विचारतो हे काय आहे. बंगाल्यांनी तर फणसाला 'गाछ-पाठा' म्हणून टाकलंय, म्हणजे झाडावरचा बोकड.

हे सगळे पदार्थ मटणाच्या जागी येतात, पण मटण असल्याचं सोंग घेत नाहीत. त्यांना आपापली चव आहे.

सोयाच्या वड्यांबद्दल वेगळं लिहिते, कारण त्या पाकीट आणि उसळ या दोघांच्या मधल्या आहेत आणि त्यांच्याविषयी गैरसमज फार. सोयाबीनचं तेल काढलं की पेंड उरते. या पेंडीचं पीठ करून यंत्रातून काढलं की वड्या. म्हणजे प्रक्रिया आहेच, आणि मोठी आहे. पण यादी एका ओळीची असते : तेल काढलेल्या सोयाबीनचं पीठ. मीठ नाही, तेल नाहीसारखं. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या वर प्रथिन, आणि मटणाच्या एका किलोच्या पैशांत सहज चार किलो येतील. आपल्या देशात या पेंडीचा मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्यात जातो. मराठवाड्याच्या शेतातलं प्रथिन आधी कोंबडीला घालायचं आणि मग कोंबडी खायची, त्यापेक्षा माणसाने सरळ खाल्लं तर काय वाईट? माझ्या डब्यात सोयावडीची भाजी असते, रोज नसते. गरम पाण्यात दहा मिनिटं, मग घट्ट पिळून ते पाणी फेकायचं, पुन्हा गार पाण्यात घालून पुन्हा पिळायचं. तो उग्र वास ज्यांना आवडत नाही त्यांच्या घरी हे दुसरं पिळणं राहिलेलं असतं. मग दह्यात मसाला लावून थोडा वेळ मुरवायची. बायका मला फोन करून विचारतात की मुलं खात नाहीत, काय करू. पिळा, एवढंच सांगते.

जिमला जाणाऱ्या मुलांचा प्रश्न नेहमी प्रोटीनचा असतो, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेलं प्रमाण वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. साठ किलोच्या मुलाला पन्नास ग्रॅम झाले. आता ताट मांडू. वाटीभर वरण किंवा उसळ म्हणजे तीस ग्रॅम कोरडी डाळ धरा, त्यात सात ग्रॅम. दिवसात अशा तीन वाट्या झाल्या तर एकवीस. चार पोळ्यांचे बारा-तेरा. भाताचे चार. पेलाभर दुधाचे आठ. मूठभर शेंगदाण्यांचे सात. भरले पन्नास. प्रथिनाचे जे घटक डाळीत कमी ते गहू-तांदळात आणि तिथे जे कमी ते डाळीत, म्हणून वरण-भात, पोळी-उसळ ही जोडी. अडचण अशी की हल्ली ताटात तीन वाट्या कुठे असतात? पोळ्या चार आणि त्यांच्यासोबत बटाट्याची भाजी. वरण असलंच तर पातळ पाणी. ज्याचं ताट असं आहे त्याला प्रोटीन कमी पडतं हे खरंच आहे, आणि त्याने पहिल्यांदा डाळीची वाटी घट्ट करावी. जो खरोखर जड वजनं उचलतो त्याला पन्नासपेक्षा जास्त लागेल, त्याने सोयावडी, पनीर, ताक-दही वाढवावं. पाकीट सगळ्यात शेवटी.

उसळीबरोबर लिंबू द्यायला मी विसरत नाही, आणि ते चवीपुरतं नाही. कडधान्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं. मोड आणल्यानेही लोह जास्त सुटतं. मटकीला मोड काढण्याचा खटाटोप म्हणून आपल्या आज्या करत होत्या तो फुकट नव्हता.

एका बाबतीत मात्र मी उसळीसारख्या संपूर्ण अन्नाचं कौतुक थांबवते. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत नाही. उसळीत नाही, पालेभाजीत नाही, मोडात नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलंय आणि पुण्याच्या आसपासच्या माणसांत, गरोदर बायकांतही, ब-१२ किती कमी असतं ते दाखवून दिलंय. दूध-दही भरपूर घेणाऱ्याला थोडं मिळतं. जो दूधही सोडतो त्याला गोळी घ्यावीच लागते किंवा ब-१२ मुद्दाम घातलेलं अन्न खावं लागतं. काही पाकिटांत ते घातलेलं असतं, आणि तेवढ्यापुरतं पाकीट उसळीच्या पुढे आहे हे मी मोकळेपणाने मान्य करते. हातापायाला मुंग्या येतात, थकवा जात नाही, असं कुणी शाकाहारी सांगायला लागलं की मी आधी रक्त तपासायला पाठवते. पथ्यपाणी नंतर.

जन्माने शाकाहारी असलेले काही जण संकोचाने विचारतात, आम्ही हे खाल्लं तर चालेल का? हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी आहे. दूध-मधही नको असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची २०२२ सालची व्हेगन खूण बघा, हिरव्या 'व्ही'वर पान. मनाला नको वाटत असेल तर खाऊ नका. तुम्हाला कधी ती चव लागलेलीच नाही, तर तिची नक्कल शोधण्याचं कारण काय?

डब्यात मी ते का देत नाही, याचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझा डबा रोजचा आहे. पाकीट घातलं तर डब्याचा दर वाढवावा लागेल, मीठ माझ्या हातात राहणार नाही, आणि त्या दिवशी मुलांच्या ताटातून एक उसळ जाईल. ज्यांना हवं त्यांनी पाकीट आणून द्यावं, मी मसाल्यात करून देते, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. बुधवारी काळ्या वाटाण्याचं सांबार असतं. आंबोळ्या हव्या असतील तर मंगळवारी दुपारपर्यंत सांगा, पीठ आंबायला रात्र लागते.